बोटाखालचं यंत्र

पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत पहिली परीक्षा हत्याराची होते, नेमबाजाची नंतर. उपकरण-तपासणीच्या टेबलावर पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, चापाला एक वजन अडकवतात आणि ते वजन सावकाश वर उचलतात. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही तर पास. मध्येच 'टक' आवाज आला तर बाजूला व्हा, चाप नीट करून पुन्हा या. २५ मीटर पिस्तूल प्रकारात हे वजन १००० ग्रॅमचं असतं, १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ५०० ग्रॅमचं. ऑलिंपिकमधून २०१६ नंतर गेलेल्या ५० मीटर फ्री पिस्तुलाला मात्र अशी अटच नव्हती. तिथे बोट चापाजवळ नेतानाही नेमबाज जपून असत.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, ते याच १००० ग्रॅमच्या नियमाखाली. या प्रकाराच्या अंतिम फेरीत एका गोळीसाठी तीन सेकंद मिळतात, मग सात सेकंद हात खाली. तीन सेकंदांत हात वर आणायचा, निशाण साधायचं आणि चाप दाबायचा. राही आणि थायलंडची नेमबाज ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या आणि निकाल लागायला दोन शूट-ऑफ घ्यावे लागले. एवढ्या घाईत 'चाप आता सुटेल, मग सुटेल' असा विचार करायला उसंत नसते. तो कुठे सुटणार, हे बोटाला आधीच पाठ असावं लागतं.

तपासणीचं वजन सगळ्यांना सारखंच असलं, तरी दोन पिस्तुलांचे चाप सारखे लागत नाहीत. चाप मागे येताना आधी थोडी मोकळी चाल असते. मग काहीतरी अडल्यासारखं लागतं. तिथून दाब वाढवत नेला की आतला सिअर नावाचा छोटा पोलादी तुकडा घोड्याच्या खाचेतून निसटतो आणि घोडा पडतो. सिअर आणि खाच एकमेकांना जिथे भिडतात, ती कड बऱ्याच पिस्तुलांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. तिच्यावर यंत्राचे ओरखडे राहिले असतील तर बोटाला खरखर लागते. कड गुळगुळीत आणि नेमक्या कोनात घासलेली असेल तर चाप न सरकता एकदम सुटतो. सुटल्यावर तो आणखी किती मागे जातो आणि पुढच्या गोळीसाठी किती पुढे यावा लागतो, याचाही हिशेब असतो. म्हणून 'चाप किती किलोचा?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तरी चाप चांगला की वाईट ते कळत नाही.

हत्यारांच्या शौकिनांत एक समज पक्का आहे: चाप मऊ म्हणजे बनावट उत्तम. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. पिस्तुलाच्या बाबतीत साफ फसवं.

कारण रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी मेहनत बोटाची असते. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, त्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. त्या ओढीतच सिलिंडर फिरून नवी गोळी नळीसमोर येई आणि चापाला फक्त घोडा सोडायचं काम उरे. हा 'सिंगल ॲक्शन'. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये अंगठ्याला सुटी दिली: चाप ओढला की घोडा मागे जाणार, सिलिंडर फिरणार, जागी बसणार आणि घोडा पडणार. पुढे 'डबल ॲक्शन' म्हणून रूढ झालेली पद्धत ती हीच. सोय झाली, पण अंगठ्याचं ओझंही तर्जनीवर आलं. आजच्या चांगल्या कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा आधी ओढून ठेवला असेल तर दीड-पावणेदोन किलोला सुटतो. तोच चाप पहिल्यापासून ओढायचा तर साडेचार-पाच किलो जोर लागतो, आणि तोही लांब पल्ल्यावर.

या लांब ओढीत रिव्हॉल्व्हरचे आतले सगळे भाग बोटाशी बोलतात. सिलिंडर फिरवणारी कळ, त्याला जागी धरणारा खटका, घोड्याची कमान, चाप परत आणणारी कमान, यांतल्या कुणाचीही कड राहिली असेल, एखादं छिद्र तिरकं पडलं असेल, तर ते ओढीत कळतंच. शिवाय सहा कप्प्यांपैकी प्रत्येक कप्पा घोडा पडण्याच्या क्षणी नळीच्या नेमका समोर हवा. थोडा जरी तिरका राहिला तर नळीत शिरताना गोळीचं शिसं खरवडलं जातं आणि त्याचे कण बाजूला उडतात. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरची. ती वाढली तर वायू वाया जातो, फार कमी केली तर काजळीने सिलिंडर अडकतं. म्हणजे चाप ओढून पाहणं ही रिव्हॉल्व्हरची सगळ्यात सोपी तपासणी आहे. कारखान्याने कुठे आळस केला ते लपत नाही.

या बाबतीत सगळ्यात जास्त वाद झाले ते दोन अमेरिकी कंपन्यांवरून. कोल्टचं पायथन १९५५ मध्ये आलं, किंमत १२५ डॉलर. 'रॉयल ब्लू' नावाची गडद निळी झिलई, तीत चेहरा दिसेल इतकी घोटाई, आतले भाग कारागिरांनी हाताने घासून बसवलेले. पायथनचा चाप ओढला की सिलिंडर जागी इतकं घट्ट बसतं की हलवू म्हटलं तरी हलत नाही. शौकीन त्याला तिजोरीच्या कुलुपाची उपमा देत आणि ते फार चुकीचं नव्हतं. पण त्या चापाला एक सवय होती. कोल्टने घोडा ढकलायला आणि चाप परत आणायला इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची एकच पट्टी-कमान वापरली होती. गलोलीचं रबर ओढावं तसं, जितकं मागे न्यावं तितकं जड. शेवटच्या टप्प्यात दाब चढत जाई.

स्मिथ अँड वेसनने ही कामं दोन वेगळ्या कमानींना वाटून दिली. घोड्याला एक, चाप परत आणणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला दुसरी. त्यामुळे त्यांचा चाप पहिल्यापासून शेवटपर्यंत बराचसा एकसारखा येतो. १८९९ मध्ये आलेलं, पुढे 'मॉडेल १०' नावाने ओळखलं गेलेलं त्यांचं .३८ रिव्हॉल्व्हर साठ लाखांच्या वर खपलं, आणि त्यातल्या जुन्या, भरपूर वापरलेल्या नगांचा चाप नव्यापेक्षा छान लागतो, कारण हजारो वेळा एकमेकांवर घासून भाग आपोआप घोटले गेलेले असतात. ज्यांना रोज वेगाने गोळ्या मारायच्या होत्या त्या पोलिसांच्या स्पर्धांतल्या नेमबाजांचा कौल स्मिथच्या चापाकडे झुके. नळी मात्र त्यांना कोल्टची आवडे. तेव्हा १९७०च्या दशकात काही अमेरिकी कारागिरांनी स्मिथच्या सांगाड्यावर पायथनची नळी बसवून दिली. या संकराला लोकांनी 'स्मायथन' म्हटलं. दोन्ही कंपन्यांच्या जाहिरात खात्यांना हे कितपत रुचलं असेल, कोण जाणे. पण 'कुणाचं काय चांगलं' या वादाचा इतका रोखठोक निवाडा दुसरा नाही.

पायथनची घट्ट बसणी ही त्याची दुखरी जागाही होती. घोडा पडताना सिलिंडर कळीच्या दाबाखाली आवळलेलं राहतं, म्हणून हलत नाही. आणि त्याच दाबाने ती कळ झिजते. झिजली की कप्पे वेळेवर नळीसमोर येईनासे होतात, आणि दुरुस्तीला असा माणूस लागतो ज्याने हे काम पूर्वी केलं आहे. अशी माणसं कमी होत गेली आणि मजुरी वाढत गेली. पायथनचं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. २०२० मध्ये ते परत आलं ते स्टेनलेस स्टीलमध्ये, आतली रचना बदलून, भागांची संख्या कमी करून. संगणकावर चालणारी यंत्रं आता इतकं अचूक कापतात की हाताने घासायला फारसं उरत नाही. जुन्या पायथनचे भक्त नव्याला नावं ठेवतात. पण चाप एकसारखा यावा हीच कसोटी असेल, तर नवंच सरस आहे. निळ्या झिलईची गोष्ट निराळी.

चाप वाईट असण्यामागेही कधी नीट विचार असतो. बेल्जियमच्या नागां या हत्यारकाराने आखलेलं आणि रशियाने १८९५ मध्ये स्वीकारलेलं सात गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर चाप ओढताना आपलं सिलिंडर पुढे सरकवून नळीला चिकटवतं, म्हणजे वायू फटीतून निसटायलाच नको. कल्पना हुशार आहे. पण सिलिंडर फिरवणं, घोडा ओढणं आणि वर सिलिंडर पुढे रेटणं, तिन्ही कामं एकाच बोटाकडे. जोर नऊ-दहा किलोच्या घरात जातो. झारच्या सैन्यात साध्या शिपायांना तर फक्त घोडा अंगठ्याने ओढून चालवायचं नागां मिळे; डबल ॲक्शनचं अधिकाऱ्यांना. हे हत्यार चिखलात, बर्फात, दोन महायुद्धांत चाललं. बनावट भक्कम, चाप महाभयंकर.

उलट टोकाला फ्रान्सचं मॅन्युरिन एमआर ७३. मॅन्युरिन ही मुळात यंत्रं बनवणारी कंपनी. तिने १९७३ मध्ये असं रिव्हॉल्व्हर आणलं, ज्यात चापाच्या परतीला छोटा रोलर दिला आणि कमानींचा ताण स्क्रूने कमीजास्त करता येईल अशी सोय ठेवली. फ्रेंच जेंडार्मरीच्या जीआयजीएन या कमांडो पथकाने ते घेतलं, कारण त्यांचा सराव इतका दांडगा होता की .३५७ मॅग्नमच्या जोरकस काडतुसांपुढे इतर रिव्हॉल्व्हरं खिळखिळी होत. डिसेंबर १९९४ मध्ये मार्सेयच्या विमानतळावर अपहृत एअर फ्रान्स विमानात हे पथक शिरलं, तेव्हाही मॅन्युरिन त्यांच्यासोबत होतं. तोवर जगभरची पथकं पिस्तुलांकडे वळून चुकली होती.

दर्जा म्हणजे हातकाम, हा समज मोडण्यात रूगर कंपनीचा वाटा मोठा. पोलादाचा तप्त ठोकळा घणाखाली चेपून, मग कापून सांगाडा करायचा ही कोल्ट-स्मिथची रीत. रूगरने मेणाच्या साच्यावरून पोलाद ओतून सांगाडे केले. 'ओतीव' शब्दाला हत्यारांच्या दुनियेत कमीपणा होता, म्हणून रूगरने भिंती जाड ठेवल्या. परिणाम असा, की १९८०च्या दशकातलं त्यांचं जीपी १०० दिसायला ठोंब्या, चापाला सुरुवातीला थोडं खरखरीत, आणि टिकायला दांडगं. २००९ मध्ये त्याच कंपनीने एलसीआर नावाचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याचा मागचा अर्धा भाग चक्क प्लास्टिकचा, आणि आत चापाचा दाब पल्लाभर सारखा ठेवणारा खास आकाराचा कॅम. हातात घेतल्यावर खेळणं वाटतं; चाप मात्र याहून दुप्पट किमतीच्या हत्यारांना लाजवेल असा. चापाची गोडी घोटाईतून येते तशी भूमितीतूनही येते, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी, कारण तिथे निम्मं काम गोळीच करते. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो, त्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस फेकते, घोडा ओढून ठेवते आणि परत येताना मॅगझीनमधली नवी गोळी कप्प्यात ढकलते. बोटाकडे उरतं ते फक्त सोडण्याचं काम. म्हणूनच जॉन ब्राउनिंगच्या १९११ या पिस्तुलाचा चाप शंभर वर्षांनंतरही लोक वाखाणतात. तो बिजागरीवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो. चाल छोटी, सुटणं स्वच्छ. मार्च १९११ मधल्या अमेरिकी सैन्याच्या चाचणीत या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. एकदाही अडलं नाही.

तेच सैनिकी १९११ हातात घेऊन हलवलं तर खुळखुळ वाजतं. स्लाइड आणि सांगाडा यांत मुद्दाम मोकळीक ठेवलेली, कारण चिखल-वाळू आत शिरली तरी चाललं पाहिजे आणि एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ते टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने बनवलं आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरनेही. सिंगरची ५०० पिस्तुलं आज संग्राहकांना वेड लावणाऱ्या किमतीला जातात. युद्धानंतर निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी कारागिरांनी हीच पिस्तुलं आवळून, घासून इतकी घट्ट केली की खुळखुळ गेली, नेम सुधारला, आणि कधी कधी वाळूचा कणही सोसेनासा झाला. घट्ट बसणी म्हणजे उत्तम बनावट असं सरसकट म्हणणाऱ्याने हे दोन्ही नग शेजारी ठेवून पाहावेत.

जर्मन लुगर पिस्तूल हा तर या गफलतीचा उत्तम नमुना. गुडघ्यासारखी वर दुमडणारी त्याची कळ, छोट्या छोट्या भागांवरही ठोकलेले क्रमांक, घड्याळजीच्या हातचं वाटावं असं काम. तरी चाप सुमार, कारण चापाचा दाब बाजूच्या पट्टीतल्या एका वाकड्या कळीतून वळून सिअरपर्यंत पोचतो. वाटेत वळणं आली की बोटाला स्पष्ट काहीच लागत नाही. कितीही घोटलं तरी रचनेचा दोष घोटून जात नाही.

बनावट आणि चाप दोन्ही एकत्र हवेत तर स्विस सैन्याने १९४९ मध्ये घेतलेलं सिग पी २१० पाहावं. इतर पिस्तुलांत स्लाइड सांगाड्याला बाहेरून कवटाळते. इथे ती सांगाड्याच्या आतल्या रुळांवर धावते, आणि पूर्ण लांबीभर आधार मिळाल्याने डुलत नाही. हे काम इतकं खर्चिक होतं की १९७५ मध्ये स्विस सैन्यानेच स्वस्त पी २२० स्वीकारलं. आतल्या रुळांची युक्ती मात्र त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात सीझेड ७५ या पिस्तुलात उतरली आणि सामान्य खिशाला परवडू लागली.

मग आला ग्लॉक. गास्टन ग्लॉक पडद्याचे गज आणि चाकूसारख्या वस्तू करणारा ऑस्ट्रियन कारखानदार. त्याचं पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने निवडलं. सांगाडा प्लास्टिकचा, भाग अवघे ३४, बाहेर घोडा नाही, त्याऐवजी आत कमानीवर धावणारी स्ट्रायकर नावाची सुई, आणि तीही अर्धवट ताणलेली. उरलेला ताण चाप ओढताना बोट देतं. जोर अडीच किलोच्या आसपास, दर वेळी तेवढाच. शौकिनांना हा चाप भुसभुशीत वाटतो आणि तो तसा आहेही. पण ग्लॉकने चापाच्या गोडीचा दावा कधी केला नव्हता. पहिल्या गोळीला जड आणि दुसरीपासून हलका अशा बेरेटा ९२सारख्या पिस्तुलांवर शिपायाला दोन वेगळे चाप शिकावे लागत. ग्लॉकने ती शिकवणी एकावर आणली, आणि पोलिस खात्यांना नेमकं तेच हवं होतं.

न्यूयॉर्क पोलिसांचं उदाहरण तर बोलकं आहे. १९९३ मध्ये ते रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे वळले, आणि घाबरलेल्या बोटाने चुकून गोळी सुटू नये म्हणून ग्लॉकचा चाप मुद्दाम जड करून घेतला, पाच किलोच्या वर. खात्याला पिस्तुलाच्या गोळ्या हव्या होत्या, पण चाप रिव्हॉल्व्हरचाच. जड चापाने चुकून सुटणाऱ्या गोळ्या टळतात म्हणावं, तर मुद्दाम मारलेल्या गोळीचा नेमही त्याने बिघडतो.

चापाचा जडपणा आणि सुरक्षितता यांचं नातं याहूनही गुंतागुंतीचं आहे. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या सिग पी ३२०च्या नागरी नगांबाबत त्याच वर्षी तक्रार आली की विशिष्ट कोनात जमिनीवर पडलं तर गोळी सुटते. चाप स्वतःच्याच वजनाच्या झटक्याने मागे जात होता. कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये दुरुस्तीची सोय जाहीर केली, आणि त्या दुरुस्तीतला एक बदल म्हणजे चापाचा तुकडाच वजनाला हलका करणं. ओढायला किती जोर लागतो आणि चाप स्वतः किती ग्रॅमचा आहे, हे दोन वेगळे आकडे आहेत.

भारतात हा सगळा काथ्याकूट बराचसा कागदावरच राहतो. .३८ आणि ९ मिलिमीटर ही सैन्य-पोलिसांची काडतुसं सामान्य परवानाधारकाला वर्ज्य, त्याच्या वाट्याला .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या घराण्यातलं, मधून मोडून गोळ्या भरायचं. जानेवारी २०१४ मध्ये त्याचीच टायटॅनियम मिश्रधातूची, सुमारे ५०० ग्रॅमची आवृत्ती 'निर्भीक' नावाने स्त्रियांसाठी म्हणून आली, किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. हत्याराचं वजन कमी केलं की पर्समध्ये मावतं खरं. पण डबल ॲक्शनची ओढ सांगाड्याच्या वजनावर ठरत नाही, ती कमानींवर ठरते. आणि अर्ध्या किलोचं हत्यार त्याच्या कित्येक पट जोराने ओढताना हातात स्थिर ठेवणं अवघडच होतं. 'निर्भीक'च्या जाहिरातीत वजनाचा उल्लेख ठळक होता. ज्या बोटासाठी ते बनवलं, त्याला किती जोर लावावा लागेल, हा प्रश्न खरं तर आधी यायला हवा होता.

२०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' हे .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, कोल्ट आणि स्मिथच्या रिव्हॉल्व्हरांचं शतकाहून अधिक काळ उघडत आलं आहे तसं. मधून मोडणाऱ्या सांगाड्याच्या बिजागरीला आणि वरच्या कडीला वापराने ढिलाई येते. एकसंध सांगाड्यात ती जागाच नसते. दरम्यान खुद्द वेब्ली अँड स्कॉटने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भागीदारीत .३२ रिव्हॉल्व्हरं बनवायला घेतली. म्हणजे मूळ घराणं आणि कानपूरची नक्कल आता एकाच राज्यात, एकाच गिऱ्हाइकासाठी स्पर्धेत आहेत, आणि परवानाधारकाला निदान दोन चाप शेजारी ठेवून, रिकाम्या सिलिंडरवर ओढून पाहता येतील.